दीड मीटर गाळ

दुपारी सव्वातीनच्या सुमाराला मला गाजर गवताचा दाणा दिसला आणि मी पहिलं काय केलं असेल, तर सूक्ष्मदर्शकाची काच पुसली. मग चष्मा पुसला. चूक काचेची असते, डोळ्याची असते, आपली नसते, असं मानायची मला जुनी खोड आहे. पुन्हा डोळा लावला. दाणा होता तिथंच होता. गोल, इवलासा, अंगभर आखूड काटे, गोखरूसारखा. फक्त केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा. बाहेर बी.एस्सी.च्या पोरी हसत होत्या, कुणाची तरी स्कूटी चालू होत नव्हती, वाशीमची मार्च महिन्यातली दुपार जशी असते तशी होती. आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी पायाची माती झटकली. एकदा उजव्या, एकदा डाव्या. मी वळले नाही. तीन वर्षांत एवढं शिकलेय, की वळून बघायचं नाही.

मी धम्मदीपा. इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात जुन्या मातीतले परागकण मोजते. आम्ही त्यांना दाणेच म्हणतो. फूल सुकतं, झाड पडतं, गाव उठून जातं, पण परागाचं कवच तळ्याच्या गाळात बसलं की हजार वर्षं सडत नाही. आम्लात घालून माती विरघळवायची, उरलेले दाणे काचपट्टीवर घ्यायचे आणि एकेक ओळखून मोजायचे. कुठल्या थरात सागाचे किती, गवताचे किती, ज्वारीचे किती, त्यावरून त्या काळी तिथं काय उभं होतं ते सांगता येतं. काम कंटाळवाणं आहे. मला आवडतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. समोरचा गाळ रिठदचा, माझ्या गावचा. गावाबाहेरचं तळं उन्हाळ्यात आटतं. तिथं दीड मीटरचा प्लास्टिकचा पाइप घणानं ठोकून पुन्हा ओढून काढला, की आत थरावर थर जसेच्या तसे येतात. वर नवा काळ, खाली जुना. माझी काचपट्टी अगदी तळाची होती, टोकाच्या दोन सेंटिमीटरची. टोकं सहसा कुणी मोजत नाही, मीही मोजली नव्हती. आता पुढच्या कामासाठी हवी होती म्हणून काढली. तिथली माती नऊशे-हजार वर्षांपूर्वीची असायला पाहिजे. आणि गाजर गवत म्हणजे बाहेर देशातून आलेलं तण, आपल्याकडे येऊन किती, सत्तर वर्षं. बाबा पोरगे होते तेव्हा रिठदच्या शिवारात ते औषधालाही नव्हतं.

बाबा, म्हणजे दौलतराव, माझे वडील. त्यांनी जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या आणि खोदून झाल्यावर त्यांत मोटरी सोडल्या. घरी आले की उंबऱ्याबाहेर पायाची माती झटकायचे, एकदा उजव्या, एकदा डाव्या. ज्या विहिरीवर त्यांच्या आजाला हात लावू देत नव्हते, वरून कुणी ओंजळीत ओतलं तर प्यायचं, त्याच विहिरीचा मालक पाणी लागत नाही म्हटलं की बाबांना मोटरसायकलवर बसवून न्यायचा. पाणी कुठं आहे ते बाबांना कळायचं. आणि गाजर गवत कुठं आहे तेही कळायचं, कारण ते त्यांच्या हातावर उमटायचं. पावसाळा लागला की कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल, खाजवून खाजवून रक्त. माय करंजाचं तेल लावायची आणि गवताचा उद्धार करायची. बाबा म्हणायचे, ‘त्याले काहून शिव्या देतं व? थे बी पोटासाठीच आलं इथं.’ मी तेव्हा बारावीत. मला या माणसाचा राग यायचा. चिडायला पाहिजे तिथं हा माणूस चिडतच नाही म्हणून. आता तेच गवत माझ्या काचेखाली होतं, हजार वर्षं जुन्या मातीत, आणि माझ्याच हाताला खाज सुटली. खरंच सुटली. मी मनगट टेबलाच्या कडेवर घासलं.

एका दाण्यानं काय होतं? काही होत नाही. हवेत उडतात, कपड्यावर बसतात, पंख्याच्या वाऱ्यानं येतात. एकटा दाणा दिसला तर तो बाहेरून पडला समजून सोडून द्यायचा, असा आमचा रिवाज आहे आणि तो बरोबर आहे. मी सोडून दिला. काचपट्टी अर्धा मिलिमीटर सरकवली. तिथं दोन होते.

माझा निबंध छापून आला त्याला दीड वर्ष झालं. त्यात माझं म्हणणं असं, की या तळ्याच्या खालच्या थरांत नुसतं गवत, तण आणि थोडी ज्वारी. म्हणजे उघडंबोडकं शिवार. वर वर यावं तसे ऐनाचे दाणे वाढत जातात, मोहाचे, काटेसावरीचे, मग सागाचे. म्हणजे इथलं जंगल एकदा गेलं होतं, आणि माणसं उठून गेल्यावर ते परत आलं. आता कुणीही विचारील, की बाई, आज तिथं खुंटाएवढं झाड नाही, मग वरच्या थरात जंगल कसं? त्याचं उत्तर माझ्या खिशात होतं. आटलेल्या तळ्यातला वरचा गाळ लोक खत म्हणून शेतात नेतात, दरसालचं आहे. तेव्हा अलीकडची तीन-चारशे वर्षं या पाइपात नाहीतच. वय काढायला एकच नमुना पाठवता आला, बरोब्बर मधला. तो साडेसहाशे वर्षांचा निघाला. सगळं चपखल बसलं. एका पेपरात चार ओळी आल्या, उजाड रिठदला एकदा जंगल परत आलं होतं म्हणून. स्टाफरूममध्ये लोकांनी पेढे मागितले आणि मी दिले.

पण ते जंगल मी कशासाठी वाढवलं ते कुणाला ठाऊक नाही. दाणे मोजले ते बाबा गेले त्या पावसाळ्यात. तळापासून सुरुवात केली. कॉलेजातून सहा वाजता सगळे निघून गेले की मी आणि काचपट्ट्या. मोजता मोजता एक दिवस बाबा चालताना दिसायला लागले. खालच्या थरात, उघड्या रानात, डोक्यावर काही नाही. दहा सेंटिमीटर वर आलं की दूरवर एखादं झाड. आणखी दहा, आणि ऐनाची रांग. मी चिडून चिडून मोजत होते, थांबत नव्हते, कारण मी थांबले असते तर ते तिथंच उन्हात उभे राहिले असते. नव्वद सेंटिमीटर वर आल्यावर ते सागाखाली शिरले. सागाची पानं केवढी असतात! मी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले आणि मग घरी जाऊन पोटभर जेवले, कितीतरी दिवसांनी. तेव्हापासून ते तिथंच होते. लोकांसाठी तो निबंध शास्त्र असेल. मी माझ्या बापाला त्यात सावलीत बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेमसिंग सरांना फोन केला. ते माझे मार्गदर्शक, मूळचे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, आता अमरावतीला असतात. निबंधावर माझ्या नावाखाली त्यांचं नाव आहे. मी म्हटलं, ‘सर, तळाच्या नमुन्यात गाजर गवत आहे.’

‘किती?’

‘काल सात दिसले.’

‘अहो मग धूळ असन. मार्च महिना हाय, खिडकी उघडी राह्यली असन तुमची. फेका तो नमुना.’

‘बरं सर,’ म्हटलं मी, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी चहाला गेले. चहा पिऊन परत आले आणि फेकण्यासाठी हातात घेतलेली काचपट्टी पुन्हा लावली. कुणी सांगितलं होतं? तीनशे दाणे मोजायचे असा आमचा दंडक. मी तीनशे मोजले. एकसष्ट गाजर गवताचे. मग त्याच टोकाची माती आतून, चाकूनं नवी कापून काढली, खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत. त्यात चौपन्न. मग दुसऱ्या टोकाची काढली, पाइपाच्या वरच्या. त्यात एकही नाही. ऐन, साग, मोहा, ऐन, ऐन. मी नुसती बसून राहिले. मागे पुन्हा पाय झटकल्याचा आवाज आला, या वेळी सावकाश, कुणीतरी आत येऊ की नको असं करत असल्यासारखा.

पाइप कोपऱ्यात उभा आहे. उभा चिरलेला, दोन फाकी, एक वापरलेली, एक तशीच. तिच्या पाठीवर लाल ऑइलपेंटचा बाण. तीन वर्षं मी त्याच्याकडे बघतेय. बाणाचं टोक वर, छताकडे. आमच्याकडे सगळीकडे हीच पद्धत, बाणाचं टोक जिकडे तो वरचा भाग. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला हे सांगते आणि विसरणाऱ्याला वर्गाबाहेर काढते. आणि तो बाण मी काढलेला नव्हता.

एकोणीस मे होती. पहाटेच तळ्यात उतरलो, मी आणि बाबा. तीन बल्ल्यांची घोडी, तिला कप्पी आणि साखळी, विहिरीवरचंच सामान. जागा बाबांनी निवडली. ‘इथंच ठोकू. इकडचा गाळ कोणी नेत नाई,’ म्हणाले. का नेत नाहीत ते मी विचारलं नाही, माझं लक्ष पाइपाच्या तोंडाकडे होतं. बापाचं बोलणं आपण असंच ऐकतो, पंख्याचा आवाज ऐकावा तसं. दहा वाजेपर्यंत पाइप ठोकून झाला, ओढायचा राहिला होता, आणि कॉलेजातून फोन आला. मार्कलिस्टवर माझी सही राहिली आहे, एकच्या आत पाहिजे. मी स्कूटीला किल्ली लावता लावता तीन गोष्टी बोलले. ‘बाबा, पाइप निघाला की बाण काढून ठेवा त्याच्यावर. त्याले ऊन लागू देऊ नका, आतला गाळ तडकते. मी दोन घंट्यात येतो.’ बाण कोणीकडे, ते बोलले नाही. ते जगाला माहीत असणारच! आणि तुम्ही सावलीत बसा, हेही बोलले नाही.

सहीला दहा मिनिटं लागली. नंतर ऑफिसात कूलर होता. वर्षाराणी मॅडमच्या मुलाच्या साखरपुड्याचे फोटो बघितले, सगळे, दोनदा. निघताना बसस्टँडजवळच्या रसवंतीवर थांबले, एक ग्लास प्याले, बरं वाटलं म्हणून दुसरा प्याले, बर्फ जास्त घालायला सांगितला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. साडेतीनला तळ्यावर परतले. पाइप एकट्यानं ओढून, पुसून, टोकं बांधून आडवा ठेवला होता, त्यावर त्यांचा डोक्याला बांधायचा दुपट्टा, ओला. बाबा बाजूला उकिडवे बसलेले, उघड्या डोक्यानं. प्यायच्या पाण्याची कॅन रिकामी. सगळं पाणी त्यांनी थोडं थोडं करून दुपट्ट्यावर ओतलं होतं. मला बघून हसले. ‘आली का? पाह्य हात लावून. थंडगार हाय तुहा पाइप.’

मी हात लावला. थंडगार होता. त्यांच्या कपाळाला हात लावला नाही. रात्री ताप भरला, दुसऱ्या दिवशी बडबडायला लागले, तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे की ते तळ्यावर लेकीच्या कामाला गेले होते.

हेमसिंग सरांना पुन्हा फोन केला. या वेळी सगळं सांगितलं, म्हणजे दाण्यांचं सगळं. त्यांनी आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, ‘पाइप उलटा वाचला म्हणता तुमी.’

‘हो सर. मधला नमुना मधेच राहतो, कसाही धरा. म्हणून वय बरोबर आलं.’

‘म्हंजे जंगल परत आलं नाई.’

‘नाही. जंगल आधी होतं. मग गेलं. वरती गाजर गवत.’

‘हे पाहा मॅडम, दुरुस्ती धाडावीच लागन. पण आपली चूक म्हणून धाडली तर निबंध मागं घ्या म्हणतीन, तुमची बढती या वर्षी हाय, ते राहूनच जाईन. तुमी काय लिहा, की क्षेत्र-सहायकाकडून नमुन्यावर खूण उलटी झाली. असं होते, लोक समजून घेतात. ते वारले ना? दौलतरावच ना ते? आभारात नाव हाय त्यांचं.’ मग जरा नरमून म्हणाले, ‘त्यांले आता काय फरक पडते, बाई.’

वाईट माणूस नाही. माझ्या लग्नाच्या भानगडीत, सुटण्याच्या भानगडीत, दोन्ही वेळा माझ्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. आणि बोलत होता ते खोटंही नव्हतं. बाण बाबांनीच काढला होता. मी ते वाक्य कागदावर लिहून बघितलं. क्षेत्र-सहायकाकडून नमुन्यावर खूण उलटी झाली. दहा वेळा वाचलं. बसलं, नीट बसलं. तीन वर्षांपूर्वी सगळं असंच बसलं होतं. रविवारी सकाळी मी कागद पर्समध्ये घालून रिठदला निघाले. सांगायला नव्हे. एकदा विचारून घ्यावं, खात्री करावी, म्हणजे सही बिनघोर करता येईल, अशा हिशेबानं निघाले होते, आपलं खोटं कशाला बोला.

वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं, मधे हरभरा निघालेला, कुठं गव्हाचा पिवळा तुकडा. धुऱ्यावर, बांधावर, गाजर गवत पांढरं फुललेलं. आजवर मी या रस्त्यानं जाताना गाडी चालवता चालवता झाडं लावत जायचे. इथं ऐन होता, इथं मोहा, हे सगळं एकदा भरून आलं होतं. एकदा आलं तर पुन्हा येईल. त्या दिवशी एकही झाड लागेना. रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा डोक्याला काही न बांधता चालला होता. मी वेग कमी केला नाही. आरशात बघायचा मोह झाला तोही आवरला, आणि मग कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की त्याला बसवून घ्यायला पाहिजे होतं.

माय अंगणात मिरच्या निवडत बसली होती. माझी माय पंचफुला. अडुसष्ट वर्षांची आहे आणि अजून मला दारातूनच ओळखते, चेहऱ्यावरून नव्हे, चपला काढायच्या पद्धतीवरून. ‘काय व, रविवारची? काई झालं का?’ काही नाही म्हटलं. तिनं पाणी दिलं. मी पाणी पिता पिता मांडवाकडे बघितलं. दारापुढचा दोडक्याचा मांडव बाबांनी जुन्या मोटरीच्या लोखंडी पाइपांवर घातलाय. चार पाइप, चारही खांब. ते मी लहानपणापासून बघतेय, त्यांना टेकून पाढे पाठ केलेत. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटचा बाण. चारही बाणांची टोकं जमिनीकडे.

‘माय, हे बाण कायचे?’

‘बाण? अव, थे पाइपाचे. मोटर खाली सोडाची तं पाइपाले पाइप जोडाचा. वर काढल्यावर कोणतं टोक खालचं, कसं समजन? म्हून बाण.’

‘पण टोक खाली काहून?’

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकवून शिकवून हिचं डोकं फिरलं. ‘मंग कोणीकडं काढाचा? पाणी खालीच असते ना व. बाण पाण्याकडं.’

पाणी खालीच असतं. चाळीस वर्षं त्यांनी एकही बाण चुकवला नव्हता. माझ्या पाइपावर त्यांनी तोच काढला, विचार करून, पुसून, सुकू देऊन. मी तो आणला आणि उलटा उभा केला. मला हसू आलं, विचित्रच आलं, ते थांबेना, आणि माय मिरच्यांचा हात तसाच ठेवून बघत राहिली. मी म्हटलं, ‘आणि बाबांनी पाइप ठोकला त्या मसणवटीकडच्या बाजूचा गाळ...’

‘थो कोण नेते? मसणवटीकडला गाळ वावरात टाकत असतेत का? आपली राख व्हायची थो काठ. शंभर वर्षांत कोणी टोपलं नाई लावलं तिथं.’

म्हणजे तेही त्यांनी सांगितलं होतं. इकडचा गाळ कोणी नेत नाही. वरचा एकेक दिवस पाइपात जसाच्या तसा होता, बाबा उकिडवे बसले त्या दिवसापर्यंतचा. त्यांना जाळलं त्याच काठावर, तीन दिवसांनी. पाइपात ते नाहीत. तीन दिवसांचा उशीर झाला.

मग मी सांगितलं. ठरवून नव्हे, तोंड उघडलं आणि मार्कलिस्ट, कूलर, साखरपुड्याचे फोटो, दोन ग्लास रस, बर्फ, सगळं बाहेर पडलं. शेवटी ओला दुपट्टा. मायनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं.

‘मले माहीत हाय,’ ती म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘दुपट्टा वला होता ना घरी आणला तई. आन् त्यायचं डोक्शं कोरडं ठण्ण. मी का लहान हावो का?’ तिनं सांडलेली एक मिरची उचलून सुपात टाकली. ‘तापात दोनदा इचारलं त्यायनं मले. दिपाचा पाइप सावलीत ठेवला का म्हणे. मी म्हटलं, ठेवला. तवा झोपले.’

‘तू बोलली का नाहीस, माय? तीन वर्षं?’

‘काय बोलू? तू यायची, तं जंगल आलं, जंगल आलं म्हणायची. चेहरा उजळे तुहा. मंग काहून बोलू?’

मी तिला म्हटलं की ते जंगल खोटं निघालं. जंगल आधी होतं, दाट होतं, मग हळूहळू गेलं, आणि शेवटी हे असं झालं. ती उठली, अंगणाच्या कडेला उगवलेलं गाजर गवताचं एक रोप मुळासकट उपटून कुंपणापलीकडे फेकलं आणि हात पदराला पुसले. ‘हे तं आमाले सगळ्यायलेच माहीत होतं, बाई,’ म्हणाली. ‘जेवून जाजो.’

जेवले. भाकर आणि वांग्याची भाजी, तिखटजाळ. पर्समधला कागद तिला दाखवला नाही, चुलीत टाकावा असंही काही नाटक केलं नाही. तो अजून पर्समध्ये आहे, किराण्याच्या चिठ्ठीबरोबर. परतताना तळ्याच्या काठाला गाडी थांबवली. मधे थोडं पाणी होतं, बगळे होते. मसणवटीच्या बाजूला गाळ भेगाळायला लागला होता आणि त्यावर पांढरं गाजर गवत. माझ्या हाताला खाज सुटली. मी खाजू दिलं.

सोमवारी शेवटचा तास झाल्यावर प्रयोगशाळेत बसून दुरुस्ती लिहिली. मोठी नाही, सहा ओळी. नमुन्यावरील खूण योग्य होती. खूण करणारे दौलतराव हे विहिरी खोदणारे होते आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीप्रमाणे बाण खालच्या दिशेला असतो. नमुना काढते वेळी मी जागेवर हजर नव्हते, आणि बाण कोणत्या दिशेचा ते मी विचारलं नाही. चूक वाचणाऱ्याची, म्हणजे माझी आहे. निबंधातील सर्व निष्कर्ष उलट्या क्रमाने वाचावेत. सरांना आधी पाठवली. दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला, ‘विचार केला ना?’ मी हो म्हटलं. मग जिथं पाठवायची तिथं पाठवली. बढतीचं काय व्हायचं ते होईल. आतापर्यंत तीच माझी मोठी काळजी होती हे आठवून मला जरा लाजच वाटली.

मग आलेख उलटा करायला घेतला. संगणकाला काही लागत नाही, एक कळ दाबली की झालं. साग खाली गेला, ऐन खाली गेला. मी हात मांडीवर ठेवून बसले आणि बाबांना बाहेर येऊ दिलं. सागाखालून निघाले, मागे वळून बघितलं नाही, ऐनाच्या विरळ रांगेतून पुढे, मग ज्वारीच्या धुऱ्यानं, मग नुसतं गवत. थांबवावंसं वाटलं. थांबवलं नाही. ते आलेखाच्या वरच्या रेघेपाशी आले, जिथं शून्य सेंटिमीटर लिहिलंय, आणि तिथं उकिडवे बसले. खांद्यावरचा दुपट्टा काढला. झटकला. माझ्या मागे कुणीतरी पायाची माती झटकली, एकदा उजव्या, एकदा डाव्या.

या वेळी मी वळले. कोपऱ्यात पाइपाची फाक उभी होती, बाणाचं टोक छताकडे. उठून गेले, दोन्ही हातांनी उचलली आणि उलटी करून ठेवली, टोक जमिनीकडे. मग खिडकीतलं ऊन तिच्यावर येत होतं म्हणून माझी ओढणी काढली, नळाखाली भिजवली, पिळली, आणि तिच्यावर घातली.

‘आली, बाबा,’ मी म्हटलं. ‘लय उशीर झाला.’